माझ्या दोन मुली आणि एक वगळलेला धडा: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
कर्नाटक सरकार, यांस,
सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील जांबोटी भागात भात आणि काजू पिकवणारा शेतकरी आहे. माझी धाकटी मुलगी आमच्या भागातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दहावीला शिकते. गेल्या सोमवारी तिच्या वर्गात विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा सुरू होता. फुलातले पुंकेसर झाले, परागण झाले, आणि माणसाच्या प्रजननसंस्थेचे पान आले तेव्हा ‘हे घरी वाचून घ्या, परीक्षेपुरती आकृती पाठ करा’ असे सांगून आनुवंशिकतेचा पुढचा धडा उघडण्यात आला. याच शाळेत सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मुलीच्या वर्गातही हेच पान असेच उलटले गेले होते. त्या पानाची किंमत आमच्या घराने या पावसाळ्यात मोजली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी जून महिन्यात पालकांच्या बैठकीला आलेल्या एका अधिकाऱ्यांसमोर मी हा विषय काढला होता. बायकांच्या गोष्टी पुरुषाने बैठकीत बोलू नयेत, असे मला तिथेच दोघांनी सुनावले, तरी मी खाली बसलो नाही. त्या अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष सांगितले की गणपतीच्या आधी एखाद्या डॉक्टरबाईंना शाळेत आणून मुलामुलींना मराठीतून सगळे समजावून दिले जाईल. ते गणपती गेले, त्यानंतरचेही गेले, आणि डॉक्टरबाई काही आल्या नाहीत. मी दोन अर्ज दिले, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचेही नाही.

थोरलीचे लग्न गेल्या वर्षी, ती बावीस वर्षांची असताना झाले. जुलैमध्ये ती माहेरी आली होती. पाळी चुकून पंधरवडा उलटला होता आणि मग थोडे थोडे अंगावरून जाऊ लागले. तिला वाटले उशिरा का होईना पाळी आली, तिच्या आईलाही तसेच वाटले. उजव्या बाजूला ओटीपोटात कळ येत होती, तर आम्ही ओव्याचे पाणी दिले. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा दुखू लागला, आणि मी, तिचा बाप, त्या खांद्याला बाम चोळत बसलो. रात्री ती मोरीत कोसळली. शेजाऱ्याच्या जीपने भर पावसात बेळगाव गाठेपर्यंत तिचे ओठ पांढरे पडले होते. गर्भ पिशवीत न रुजता उजव्या नळीत वाढला होता, नळी फुटली होती, आणि पोटात साचलेले रक्त वर छातीच्या पडद्याला लागत असल्यामुळे खांदा दुखत होता, हे मला शस्त्रक्रिया झाल्यावर कळले. मी चोळत होतो तो खांदा ठणठणीत होता, साहेब. ती रक्तस्रावाने मरणाच्या दारात उभी होती आणि आमच्या घरातल्या चार मोठ्या माणसांपैकी एकालाही ते ओळखता आले नाही.

संमतीचे कागद कन्नड आणि इंग्रजीत होते. कन्नड माझ्या शेजाऱ्यांची भाषा आहे, बाजारात आणि बसमध्ये मी ती रोज बोलतो, तिच्याशी माझे भांडण नाही. पण ‘अंडनलिका काढून टाकणे’ हे शब्द मला तोपर्यंत मराठीतही कोणी सांगितलेले नव्हते, तर दुसऱ्या भाषेत मध्यरात्री कसे कळावेत? बोट दाखवले तिथे सही केली. पुढचे पाच दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले, रोपलावणी अर्धवट राहिली, सोसायटीच्या कर्जावर हातउसने चढले. त्याचे मला काही नाही. घरी आल्यावर मात्र गावात बोलले गेले की पोरीची अर्धी पिशवी काढली. सासरकडून निरोप आला की आता मूल होणार की नाही ते डॉक्टरांकडून लिहून आणा. आणि माझ्या मुलीने, दहावी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या मुलीने, ते खरे मानले. ती चार महिने कोणाच्या बारशाला गेली नाही.

अखेर ओळखीच्या एका डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून आम्हा तिघांना बसवून समजावले, आणि त्याला फार तर अर्धा तास लागला. बदामाएवढी दोन अंडाशये असतात. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात, आणि साऱ्या आयुष्यात त्यांतली चारपाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी एक बीज सुटते आणि दहा-बारा सेंटीमीटर लांबीच्या नळीच्या झालरीसारख्या तोंडाने ते आत ओढले जाते. ते साधारण एक दिवस जगते, पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. त्यांची गाठ पिशवीत पडत नाही, नळीत पडते, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळले. तिथून फलित बीज नळीतल्या बारीक केसांच्या हालचालीने पुढे सरकत जाते आणि सुमारे आठवड्याभरात गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. रुजले नाही तर तेच अस्तर पाळीच्या रूपाने बाहेर पडते, त्यात विटाळ कसला? दर शंभर गरोदरपणांत एकदोन वेळा गर्भ भलत्याच जागी, बहुतेक वेळा नळीतच, रुजतो. नळीला पिशवीसारखे ताणता येत नाही. लवकर ओळखले तर काही वेळा औषधानेही भागते, उशीर झाला तर ती फुटते. माझ्या मुलीची पिशवी शाबूत आहे, दोन्ही अंडाशये शाबूत आहेत, डावी नळी चांगली आहे, आणि उजव्या अंडाशयातले बीजसुद्धा कधी कधी डावी नळी उचलून घेते. आकृतीवर बोट ठेवून तिने विचारले, ‘म्हणजे माझी ही एवढीच गेली?’ त्या एका प्रश्नासाठी तिने चार महिने अंधारात काढले होते.

दहावीच्या धड्यात हे आजारपण सविस्तर दिलेले नाही, हे मला ठाऊक आहे, आणि धडा शिकवला असता तर नळी वाचलीच असती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण पाळी चुकल्यानंतरचे थोडेसे रक्त म्हणजे पाळीच असे नाही, लग्न झालेल्या मुलीने आधी गर्भधारणेची साधी चाचणी करून घ्यावी, एवढे तरी तिला सुचले असते, आणि ‘नळी’ हा शब्द उच्चारायची तिला लाज वाटली नसती.

आमच्या भागातल्या कोणत्याही पोराला विचारा, गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते, ती नऊ महिने नऊ दिवसांनी विते आणि म्हैस दहा महिने दहा दिवसांनी, हे तो सांगेल. गुरांचे डॉक्टर गोठ्यात येतात तेव्हा रेतन कधी करायचे, वार पडली नाही तर काय करायचे, हे बायकापोरांसमोर मोकळेपणाने बोलले जाते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मग त्याच घरातल्या मुलीचे चक्र साधारण अठ्ठावीस दिवसांचे असते आणि ते एकवीस ते पस्तीस दिवसांचेही असू शकते, हे सांगताना शिक्षकांची जीभ का अडखळते? मुलांनाही हे शिकवायलाच हवे. शुक्राणू तयार होण्यासाठी शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते म्हणून वृषणे शरीराबाहेर असतात, शुक्राणू तयार व्हायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो, आणि मूल होत नसेल तर पुरुषाचीही तपासणी करावी लागते, हे कळले तर किती सुनांचे उपासतापास आणि टोमणे वाचतील! आईकडून नेहमी एक्सच येतो, वाय आला तर तो बापाकडूनच येतो, हे आनुवंशिकतेच्या धड्यात छापलेले आहे. पण शुक्राणू म्हणजे काय हे आधीच्या पानावर वगळले, तर पुढच्या पानावरचे ते वाक्य पाठांतरापलीकडे कसे जाणार? आमच्याच गल्लीत तिसरी मुलगी झाली म्हणून माहेरी धाडलेली सून आहे, आणि तिला धाडणारा नवरा बारावी विज्ञान शिकलेला आहे.

१९५६ पासून आमच्या नावाने दोन राज्ये भांडत आहेत. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबर आला की एका बाजूला राज्योत्सव असतो, दुसऱ्या बाजूला काळा दिवस असतो, पाट्यांवरून दगड उचलले जातात. त्या लढ्यात मीही चाललो आहे आणि त्याची मला लाज नाही. परंतु किशोरवयीन मुलांना शरीराचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम २००७ साली महाराष्ट्राने थांबवला आणि कर्नाटकानेही थांबवला. आमच्याबद्दल ज्यांचे कशावरच एकमत होत नाही, त्या दोन्ही सरकारांचे आमच्या मुलींना अज्ञानात ठेवण्यावर एकमत झाले, हे मी विसरू शकत नाही. आमचे पुढारीही मराठी परिपत्रकांसाठी मोर्चे काढतात, आणि मराठी शाळेत मराठीत छापलेला हा धडा मराठी शिक्षक वगळतो तेव्हा गप्प बसतात. राज्यघटनेचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय द्या असे सांगते. पुस्तक छापून दिले की सोय झाली, असे आपले खाते समजत असेल तर ते चुकत आहे. कोणी तोंड उघडून शिकवल्याशिवाय ते पुस्तक मुके आहे. शुचि योजनेतून मुलींना पॅड देता, ते चांगलेच आहे, जरी मध्यंतरी ती योजना काही वर्षे बंद पडली होती; पण पॅड कशासाठी लागते हे सांगायला माणूस नको का?

माझे मागणे मोठे नाही. हा धडा वर्गात, मुलामुलींना, मराठीतून शिकवला गेला याची नोंद प्रत्येक मराठी हायस्कुलाकडून घ्यावी. शिक्षकांना संकोच वाटत असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रातील मराठी जाणणाऱ्या परिचारिकेला एक दिवस शाळेत पाठवावे. शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद रुग्णाच्या भाषेत वाचून दाखवण्याविषयी आपण आपल्या सहकारी आरोग्यमंत्र्यांशी बोलावे. हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात याल, तेव्हा एक दुपार आमच्या शाळेसाठी काढावी.

मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे. ते पान मी आणि तिची थोरली बहीण मिळून तिला घरी शिकवत आहोत. तिच्या वर्गातल्या बाकीच्या एकतीस मुलामुलींना ते कोण आणि कोणत्या तारखेला शिकवणार, एवढे मला लेखी कळवावे. उत्तर मराठीत असल्यास माझ्या दोन्ही मुली ते स्वतः वाचतील.

आपला,
दोन मुलींचा बाप,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव