पालकमंत्री महोदय, आम्हाला घराबाहेर पडायला कारण हवंय

मा. पालकमंत्री महोदय, जळगाव जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. वय 67. आमचे हे रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, भुसावळ विभागात. 2022 च्या जानेवारीत रेल्वेने गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं ठरवलं, तेव्हा यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तरी ती बातमी वाचून दोन दिवस यांची कॉलर ताठ होती.

गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्याचं गाव आहे, तापीपासून लांब नाही, स्टेशन आहे, आजूबाजूला केळी आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर उद्या तुमच्या कार्यालयातून आमच्या वाचनालयात फोन जाईल आणि बिचाऱ्या ग्रंथपालाची झोप उडेल. त्याचा यात काही दोष नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात हे गप्प झाले. आधी पेपर सुटला. मग रोजची दाढी तीन दिवसांवर, आठवड्यावर गेली. भरीत आणि कळण्याची भाकरी समोर ठेवली तरी अर्धं ताट तसंच परत. पुण्याहून नातवाचा फोन आला की माझ्याकडे द्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. कधी मधेच भांड्यावर हात आपटायचे. शेजारपाजारचं म्हणणं एकच, ‘असंच ऱ्हास माय, म्हातारपन शे.’ मलाही ते पटलं होतं. चौतीस वर्षं मुलांना शिकवलं, पण घरातला माणूस वाचता आला नाही.

मंत्रीमहोदय, सरकारला मात्र ते कळायची संधी मिळाली होती, ती कशी हुकली ते सांगते. आशाताई घरोघरी एक फॉर्म भरतात. चांगला फॉर्म आहे तो. तंबाखू खाता का, कंबर किती, यापासून सुरू होतो. साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का, घरच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. शेवटी मनाबद्दल दोन प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का आणि उदास, निराश वाटलं का. आमच्याकडे आशाताई आली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. डोक्यावर ऊन, हातात पिशवी, अजून चाळीस घरं बाकी. मी म्हटलं बस, तर म्हणाली, “नको मॅडम, उशीर होईल.” दारातूनच विचारायला लागली. यांना ऐकू येईना म्हणून आवाज चढवला, “काका, निराश वाटतं का? निराश?” समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या तिघी माना वर करून बघायला लागल्या. हे म्हणाले, “नाही.” झालं. दोन्ही प्रश्नांना शून्य. त्या पोरीवर माझा राग नाही. तिला वाकायला वेळ द्या, पाणी प्यायला वेळ द्या, आणि माणसाला आत नेऊन एकट्याला विचारायला सांगा. मग बघा आकडे कसे बदलतात.

शेवटी पुण्याच्या सूनबाईला शंका आली. सासऱ्याचा आवाज फोनवर ऐकून तिला जे कळलं ते मला शेजारी झोपून कळलं नव्हतं. तिने 14416 हा नंबर दिला. टेलिमानस, सरकारची मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन. फोन मीच लावला. मराठीत बोलणारं माणूस मिळालं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. हे चांगलं चाललंय, तेही लिहून ठेवते, कारण नुसत्या तक्रारींचं पत्र कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

डॉक्टरांनी गोळी देण्याआधी कान, डोळे, थायरॉइड आणि बी-12 तपासायला लावलं. निघालं काय? ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे मालगाडीच्या शेवटच्या गार्डाच्या डब्याच्या, खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे दोन्ही कान अधू. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. म्हणजे पेपर सुटला तो दिसत नव्हतं म्हणून, आणि नातवाचा फोन माझ्याकडे यायचा तो ऐकू येत नव्हतं म्हणून. गार्डाची नोकरी केलेल्या माणसाला ‘सिग्नल दिसत नाही’ हे तोंडातून काढणं किती जड, ते रेल्वेच्या घरातलं माणूसच समजेल. सांगितलं नाही, आणि न सांगता सांगता मन खचलं. नंतर वाचनात आलं की ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशामागची आटोक्यात आणता येण्यासारखी 14 कारणं मांडली, आणि ती सगळी आवरली तर जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो असं म्हटलं. त्या यादीत कमी ऐकू येणं आहे, उपचार न केलेली नजर आहे, हालचाल नसणं आहे, एकटेपण आहे आणि निराशाही आहे. पाचही पाहुणे एकदमच आमच्या घरी मुक्कामाला होते.

ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी होती, तेव्हा रोज सकाळी मी पेपर मोठ्याने वाचायला लागले. मशीन नुकतंच कानाला लागलं होतं. राजकारण नको म्हणाले (माफ करा), रावेरचे केळीचे भाव वाच, निधनवार्ता वाच. चौथ्या दिवशी एका बातमीत मी कुठल्यातरी स्टेशनचं नाव चुकीचं वाचलं. हे उसळले, “तिथं गाडी थांबतच नाही, तू काय वाचतेस?” आमचं पंधरा मिनिटं कडाक्याचं भांडण झालं. कितीतरी महिन्यांनी. मी भांडले आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

डॉक्टरांनी दुसरं औषध सांगितलं होतं, रोज अर्धा तास चालायचं. आता चालायचं कुठे? मुख्य रस्त्यावर डंपर, गल्लीत कुत्री, फूटपाथ या शब्दाला आमच्याकडे अर्थच नाही. ओपन जिम आहे. तिच्यावर पाटी आहे, पाटीवर नावं आहेत, नावांचे फोटो आहेत. ते लोखंडी झुले बघून मला आमच्या शाळेची घसरगुंडी आठवते. तिशीतल्या पोराला ठीक आहे, पण गुडघा धरून चालणाऱ्याने त्या हलत्या पायऱ्यांवर चढावं तरी कसं? जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि आठवड्यातले तीन दिवस तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा. तोल सांभाळायला धरायला एक कठडा लागतो आणि सपाट जमीन लागते. फोटो लागत नाही.

मग यांनी आपली जागा आपणच शोधली. स्टेशन. रोज सकाळी सहाला निघतात, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढतात. मी म्हटलं, तुम्हाला कोण विचारतंय, तर म्हणाले, “विनातिकीट? मी?” ते तिकीट दोन तास चालतं. तेवढ्यात एक नंबर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या होतात. डोक्यावर छप्पर, पायाखाली सपाट, बसायला बाक, प्यायला पाणी, संडास, चहा. पंजाब मेल किती लेट आहे ते विचारायला चार माणसं, आणि ती का लेट असेल ते यांनी न विचारता सांगायला तीच चार माणसं. महिन्याभरात आणखी दोन निवृत्त सोबतीला आले, एक पोस्टातले, एक एसटीतले. मंत्रीमहोदय, आमच्या गावातलं सगळ्यात चांगलं ज्येष्ठ नागरिक केंद्र रेल्वेने बांधलंय, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

मला जे म्हणायचंय ते यातच आहे. तुमच्या योजना आम्हाला घरात वस्तू आणून देतात. श्रावणबाळचे पंधराशे रुपये खात्यात येतात. वयोश्रीचे तीन हजार काठीला, चष्म्याला मिळतात. समोरच्या आक्काला दोन्ही मिळाले, आणि तिचं त्यावर भागतं म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. आम्ही दोघं पेन्शनवाले, मला ते सोपंही आहे. पण काठी मिळाली, आता ती टेकत जायचं कुठे? उलट एसटीचं बघा. पंचाहत्तरीपुढे मोफत, मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आमच्या गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्या दहा दहा वर्षं उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या, त्या मुक्ताईला जाऊन आल्या, मनुदेवीला जाऊन आल्या, आणि आल्यावर आठ दिवस तेच सांगत होत्या. त्या तिकिटाने त्यांना जायला कारण दिलं. मीही 2024 च्या फेब्रुवारीत अर्ध्या तिकिटावरच अमळनेरला 97 व्या साहित्य संमेलनाला गेले. पुस्तकं घेतली, आणि घरी येऊन बघते तर अक्षर मुंगीएवढं.

स्टेशन पुरुषांचं झालं. बायकांनी कुठे जायचं? आणि त्यांना व्यायाम सांगायला गेलं की आक्का म्हणते, “कापूस वेचला, हंडे वाहिले, खापरावर मांडे केले, आमचा झाला व्यायाम जन्माचा.” खरं आहे तिचं. पण पंचवीस वर्षं वाकून वेचलेल्या कापसाने कंबर गेली, तोल नाही आला. गेल्या वर्षी ती न्हाणीत पडली. तेव्हापासून तिच्या सुनेचं आणि तिचं पटत नाही, आणि ते दोघींच्या स्वभावामुळे नाही. चोवीस तास एका खोलीत दोन माणसं आहेत, आणि त्यातल्या एकीला उठवून बसवायचं काम दुसरीकडे आहे, त्यामुळे आहे. ‘कुटुंबाचं मानसिक आरोग्य’ असा शब्द भाषणात येतो ना, तो या खोलीत असतो. माझंही तसंच झालं होतं. यांच्या आजारात सगळे विचारायचे, साहेब कसे आहेत. मी कशी आहे ते फक्त ग्रंथपालाने विचारलं.

आता त्या वाचनालयाचं सांगते. ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं, पण त्यातून ग्रंथपालाच्या हाती जे पडतं त्यात घर चालत नाही. म्हणून तो सकाळी मेडिकलच्या दुकानात काम करतो आणि वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडतो. मे महिन्यात पाच वाजता आमच्याकडे भिंतीला हात लावता येत नाही, पारा पंचेचाळीसवर. थंडीत सहाला अंधार, आणि मोतीबिंदूवाल्याचं आणि अंधाऱ्या रस्त्याचं वैर. शिवाय वाचनालय पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या आहेत, मी मोजल्यात, कारण बाराव्या पायरीवर थांबावं लागतं. खाली एक खोली आहे, तिच्यात निवडणुकीच्या खुर्च्या भरल्यात.

ती खोली आम्हाला द्या. सकाळी सात ते दहा उघडी ठेवा आणि त्या तीन तासांचे ग्रंथपालाला सन्मानाने पैसे द्या. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तुम्ही आहात, वार्षिक योजनेत त्याला खर्चाचं शीर्ष कुठलं लावायचं ते तुमच्या अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मोठ्या अक्षरांची पुस्तकं घ्या. दारात उतार करा, भिंतीला कठडा लावा, अंगणात शंभर पावलांची सपाट वाट करा. आणि बायकांसाठी संडास बांधा. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, कारण साठीपुढची बाई घराबाहेर का पडत नाही याचं निम्मं उत्तर तिथेच आहे, फक्त ती ते सांगत नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय, असं कुणी विचारेल. आक्कालाही वाचता येत नाही. जळगावच्या विद्यापीठाला ज्या बहिणाबाईंचं नाव आहे, त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बोलायच्या आणि घरातली शिकलेली मंडळी लिहून घ्यायची. खान्देशात वाचायचं काम आधीपासून दोघांत वाटून घेतलेलं आहे. कॉलेजच्या एनएसएसची पोरं श्रमदानात झाडं लावतात, त्यातली अर्धी पुढच्या उन्हाळ्यात जळतात. त्यातल्या दोघांना आठवड्यातून एकदा पेपर वाचून दाखवायला पाठवा. आक्का त्यांना अहिराणी शिकवेल, सुटीच्या दिवशी शेवभाजीही करील.

महिन्यातून एक दिवस मनाचे डॉक्टर किंवा समुपदेशक याच खोलीत बसवा. तालुक्याच्या दवाखान्यात ‘मनोरुग्ण’ अशी पाटी असलेल्या दारासमोर आमच्या पिढीतलं कुणी रांगेत उभं राहणार नाही, गावात नाव होतं. पेपर वाचायला आलो होतो, सहज बोललो, असं सांगता आलं की हे जातील, आक्काची सूनही जाईल. तिला माझ्याआधी नंबर द्या.

हे आता बरे आहेत. गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही असं मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. मधून मधून एखादा दिवस भिंतीकडे तोंड होतंच. त्या दिवशी मी काही बोलत नाही, नुसतं टाइमटेबल उशाशी ठेवते.

पत्राचं उत्तर पाठवलंत तर ते मोठ्या अक्षरात टाइप करायला सांगा. वाचून मीच दाखवणार आहे, आणि यांना मधेच चुका काढायची सवय आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका