लेखी परवानगी असताना मुलाचा डबा दारातच ठेवून घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

विषय : टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचे खाणे व ग्लुकोज पावडर प्रवेशद्वारावर काढून घेतल्याबाबत. भेटीचा दिनांक १४ डिसेंबर २०२५.

महोदय / महोदया,

१४ डिसेंबरला, रविवारी, माझ्या मुलाला दहावं वर्ष पूर्ण झालं. तो दिवस तुमच्या मनोरंजन पार्कमध्ये घालवायचा म्हणून आम्ही चौघं पहाटे ४ वाजता साताऱ्याहून निघालो होतो. याबद्दल मी तुम्हाला आधीच दोन ईमेल केले. त्यांना जी उत्तरं आली ती वाचून माझं म्हणणं कोणी पूर्ण वाचलेलंच नाही असं दिसलं, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

मुलाचा नववा वाढदिवस दवाखान्यात झाला होता. त्याआधी दोन-तीन आठवडे तो तांब्या तांब्या पाणी पीत होता, रात्री अंथरूण ओलं होत होतं, शाळेची पँट कमरेत सैल झाली होती. आम्हाला वाटलं परीक्षेचा ताण असेल. टाइप १ मधुमेह आहे हे कळलं तेव्हा तो आयसीयूत होता. या आजारात शरीरात इन्सुलिन तयार होणंच जवळजवळ बंद होतं. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि पथ्य पाळून जात नाही. दिवसातून चार वेळा इंजेक्शन, आणि प्रत्येक घासाचा हिशेब. त्या पलंगावर, हाताला सलाईन असताना, त्याच्या वडिलांनी त्याला शब्द दिला की पुढचा वाढदिवस मोठ्या पाळण्यांच्या पार्कमध्ये.

वर्षभर त्या शब्दावर घर चाललं. बोटाला टोचून घ्यायचा कंटाळा आला की तो स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहायचा आणि उंचीची खूण करून घ्यायचा, कारण तुमच्या वेबसाइटवर कोणत्या राइडला किती उंची लागते ते त्याने वाचलं होतं. वहीच्या मागच्या पानावर अकरा राइड्सची यादी होती, कोणत्या क्रमाने बसायचं त्यासकट.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही हे मला माहीत होतं. म्हणून तिकिटं काढण्याआधी मी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. डॉक्टरांचं पत्र ईमेल करा, असं सांगितलं गेलं. २४ नोव्हेंबरला मी पत्र पाठवलं, डब्यात काय असेल तेही लिहिलं. २७ नोव्हेंबरला तुमचं उत्तर आलं : वैद्यकीय कारणासाठी खाणं व औषधं नेता येतील, हा ईमेल प्रवेशद्वारावर दाखवावा. ते वाचल्यावरच आम्ही चार तिकिटं काढली.

सकाळी सव्वादहाला दारातल्या तपासणीत सुरक्षा कर्मचाऱ्यांनी बॅग उघडली. डबा, बिस्किटांचा पुडा आणि ग्लुकोज पावडर बाजूला काढली. पाण्यात भिजवून गार राहणाऱ्या पिशवीतलं इन्सुलिन तेवढं ठेवू दिलं. मी छापून आणलेला ईमेल आणि डॉक्टरांचं पत्र पुढे केलं. वॉकीटॉकीवरून सुपरवायझरना बोलावलं. ते आले, कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "आमच्याकडे असं काही आलेलं नाही. आत सगळं मिळतं." चाळीस मिनिटं आम्ही त्या लोखंडी कठड्यापाशी उभे होतो. मागची रांग आमच्याकडे बघत होती. शेवटी डबा बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागला, त्याचे वेगळे १५० रुपये घेतले.

"आत सगळं मिळतं" याबद्दल मला लिहिलंच पाहिजे. माझ्या एका चपातीत साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, हे मला ठाऊक आहे कारण मी पीठ काट्यावर तोलून घेते. त्या आकड्यावर त्याच्या इन्सुलिनची युनिटं ठरतात. तुमच्या काउंटरवरच्या पिझ्झ्यात किती, हे तिथे कोणी सांगू शकत नाही. अंदाज चुकला तर साखर चढते किंवा पडते. आणि साखर पडली की वाट बघायला वेळ नसतो. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पोटात जायला हवं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पावडर त्यासाठी होती. हा खाऊ नव्हता, त्याचं औषधच होतं.

पावणेबाराला, त्याच्या यादीतल्या दुसऱ्या राइडच्या रांगेत, दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरने माझ्या फोनवर इशारा दिला. ६२. बाण खाली, म्हणजे साखर अजून उतरत होती. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि मानेवर घाम होता. नाश्ता आणि इन्सुलिन सकाळी गाडीतच झालं होतं, त्यात दारातल्या खोळंब्याने त्याची मधल्या खाण्याची वेळ टळली होती. त्याला वडिलांजवळ बसवून मी जवळच्या स्टॉलकडे धावले. तिथे रोख पैसे चालत नाहीत, कार्डात पैसे भरून आणा म्हणाले. कार्डाचा काउंटर पार दुसऱ्या टोकाला. मी रडत काहीतरी बोलले असेन. आतल्या एका मुलाने, विशीचाही नसेल, कोल्ड्रिंकची बाटली उघडून माझ्या हातात दिली : "काकू, आधी त्याला पाजा, पैशाचं मग बघू." नंतर आम्ही कार्ड भरून त्याचे पैसे दिले. त्या मुलावर नियम मोडला म्हणून काही कारवाई झाली असेल तर ती मागे घ्या. त्या दिवशी तुमच्या पार्कमध्ये वेळ ओळखून वागलेला तो एकच माणूस होता.

दीड वाजेपर्यंत मुलगा सावलीत आजीच्या मांडीवर पडून होता. साखर पडल्यावर अंग असं गळून जातं. यादीतल्या तीन राइड्स झाल्या. संध्याकाळी लॉकरमधून डबा काढला तेव्हा भाजीला वास आला होता.

परत येताना खंबाटकी घाट जवळ आला तेव्हा त्याने विचारलं, "आई, आपण त्यांना सांगितलंच नसतं, आणि बिस्किटं खिशात लपवली असती, तर चाललं असतं ना?"

वर्षभर मी त्याला शिकवते आहे की आजार लपवायचा नाही. वर्गात सांग, सरांना सांग, मित्रांना सांग, म्हणजे वेळ आली तर कोणीतरी मदत करेल. त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. आम्ही सगळं विचारून, कागद घेऊन, खरं सांगून आलो आणि त्याचीच शिक्षा त्याला झाली.

बाहेरचं खाणं मना करण्याचा तुमचा हक्क मी नाकारत नाही. चित्रपटगृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी तो मान्य केला आहे. पण तान्ह्या बाळासाठी पालकांनी वाजवी प्रमाणात खाणं न्यायला आडकाठी नसावी, हेही त्याच निकालात नमूद आहे. सीबीएसई तर २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेतही टाइप १ च्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं आणि सँडविच जवळ ठेवू देते. परीक्षेच्या हॉलमध्ये जे चालतं ते पाळण्याच्या रांगेत का चालू नये? शिवाय इथे प्रश्न नियमाचाही नाही. तुम्ही स्वतः लेखी परवानगी दिली होती, ती तुमच्याच दारापर्यंत पोचली नाही.

माझ्या पहिल्या ईमेलला यंत्राचं उत्तर आलं. दुसऱ्याला पुढच्या भेटीत पार्कमधल्या जेवणावर २० टक्के सवलतीचं कूपन आलं. जेवणावरच. ते मी वापरणार नाही.

मला हवं आहे ते असं : त्या दिवशी काय चुकलं याचा लेखी खुलासा. चार तिकिटांचे आणि लॉकरचे पैसे परत. टाइप १ च्या मुलांना डबा, ग्लुकोज आणि इन्सुलिन नेता येईल हे तिकिटाच्या पानावर मराठीत लिहिलेलं, आणि तपासणीला उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेलं. तसंच प्रत्येक स्टॉलवर अडीअडचणीला साखर किंवा गोड पेय लगेच, कार्डाशिवाय मिळण्याची सोय. पैशांपेक्षा शेवटच्या दोन गोष्टींवर मी अडून राहणार आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीसाठी सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे त्यासाठी मला तुमच्या गावी यावं लागणार नाही.

कळावे,
मुलाची आई
सातारा

सोबत : डॉक्टरांचं पत्र, २७ नोव्हेंबरच्या ईमेलची प्रत, तिकिटं, लॉकरची पावती आणि सेन्सरवरचा त्या दिवशीचा आलेख.