पडद्यावरच्या प्रयोगाआधी मुलांचा अंदाज विचारा

महोदय,

शाळांमध्ये स्मार्ट बोर्ड आले आणि त्यांच्यासोबत विज्ञानाची संगणकीय सिम्युलेशनेही, म्हणजे प्रयोगाच्या पडद्यावर चालवता येणाऱ्या प्रतिकृतीही, आली. परंतु अनेक वर्गांत शिक्षकच ती चालवतात आणि मुले चित्रफीत पाहावी तशी पाहत बसतात. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशने मोफत आहेत, त्यांतील अनेक मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटविना चालतात. तेव्हा साधन नाही ही सबब आता फारशी टिकत नाही. अडते ते वापरण्याच्या रीतीपाशी.

नववीतील 'धाराविद्युत' हा पाठ घ्या. दोन दिवे एकसर, म्हणजे एकाच मार्गात एकामागोमाग, जोडले, तर पहिला दिवा करंट 'खाऊन टाकतो' आणि दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतो, अशी कित्येक मुलांची ठाम समजूत असते आणि ओहमचा नियम घोकूनही ती हलत नाही. अशा वेळी प्रत्येकाकडून अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा आणि मगच मुलांनी स्वतः पडद्यावर ९ व्होल्टचा विद्युतघट व प्रत्येकी १० ओहमचे दोन दिवे जोडावेत. करंट मोजणारा अॅमीटर पहिल्या दिव्याआधी, दोन्हींच्या मध्ये किंवा शेवटी, कुठेही लावला तरी ०.४५ अँपिअरच दाखवतो आणि तारेतले इलेक्ट्रॉन सगळीकडे एकाच वेगाने सरकताना दिसतात. हे इलेक्ट्रॉन प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणातून दिसणार नाहीत. स्वतःच्या हाताने लिहिलेला अंदाज चुकल्यावर मुले जे वाद घालतात, तोच खरा तास (गोंगाट होतो, हे मान्य).

मात्र याच कारणाने प्रयोगशाळेला कुलूप लावणे घातक ठरेल. पडद्यावरची जोडणी सैल होत नाही, तारेच्या टोकाला गंज चढत नाही, अॅमीटरचा काटा शून्याच्या बाजूला अडकून राहत नाही. दिवा का लागत नाही, हे एकेक सांधा तपासत शोधण्याची सवय खऱ्या तारांवरच लागते. म्हणून एकाच आठवड्यात आधी सिम्युलेशन आणि लगेच तोच प्रयोग टेबलावर, असे वेळापत्रक शाळांनी आखावे. शिक्षण विभागानेही प्रात्यक्षिक वहीत 'निरीक्षणे' या तक्त्याच्या वर 'माझा अंदाज' असा रकाना छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, सातारा