बोटॉक्स भरून देणाऱ्या आमच्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

बोटॉक्सने स्नायू सैल पडून कपाळावरची आठी गेली की पेशंट डॉक्टरांचे आभार मानतो. सुई टोचण्याआधी तुम्ही काय केलंत ते त्याला दिसत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत.

१०० युनिटच्या बाटलीत बघितलं तर तळाशी जेमतेम एक पुसट पांढरा थर. बुचावरचं स्पिरिट पुरतं वाळेपर्यंत तुम्ही थांबता, कारण स्पिरिटने औषध निकामी होऊ शकतं. सुई आत गेली की बाटलीने सलाइन आपणहून ओढून घ्यायला हवं. नाही ओढलं, तर कितीही महाग असो, ती बाटली बाद. मग ती हलवायची नाही, हळूच फिरवायची. लेबलवर वेळ घालायची, २ ते ८ अंशांत ठेवायची आणि २४ तासांत वापरायची.

खरा घोटाळा इन्सुलिन सिरिंजचा. आठीसाठी बाटलीत २.५ मिली सलाइन, म्हणजे ०.१ मिलीत ४ युनिट. पाच जागी चार-चार, एकूण २०. पण १ मिलीच्या त्या सिरिंजवर छापलेले युनिट इन्सुलिनचे, १ मिलीला १०० रेघा! आपले २० युनिट तिथे ५०व्या रेघेवर येतात. कुणी २०वर थांबलं तर पेशंटला मिळतात फक्त ८. आठी तशीच राहते आणि बोल औषधाला लागतो. मायग्रेनसाठी तशाच प्रत्येक बाटलीत २ मिली, म्हणजे ०.१ मिलीत ५ युनिट. ३१ जागा, १५५ युनिट, म्हणून बाटल्या दोन. दोन्ही पेशंट एकाच सकाळी असले की तुम्ही ट्रे वेगळे लावता आणि प्रत्येक सिरिंजवर पट्टी चिकटवून लिहिता. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचे युनिट तर निराळेच, तेही तुम्ही कधी यात मिसळू देत नाही.

गरोदरपण, मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार), चालू असलेलं जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखं अँटिबायोटिक हे तुम्ही विचारल्याशिवाय पेशंट आत येत नाही. नंतर चार तास चोळू नका, आडवे होऊ नका, हे तुम्ही त्याच्याकडून वदवून घेता. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं तर पापणी काही आठवडे खाली येते. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र थेट हॉस्पिटल, हे तुम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देता.

पापण्या उबळीने मिटतात म्हणून रस्ता ओलांडता न येणाऱ्या बाईंना ‘सौंदर्याचं इंजेक्शन’ घ्यायची लाज वाटते. अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता १९८९ साली मिळाली ती तिरळेपणासाठी आणि याच उबळीसाठी. सुरकुत्यांची पाळी २००२ मध्ये आली. हे तुम्ही त्यांना शेजारी बसून सांगता. आमच्या दहा मिनिटांच्या तपासणीत ते राहूनच जातं.

सिस्टर, मनापासून आभार.

आपले,
त्वचारोग आणि न्यूरॉलॉजी ओपीडीतले डॉक्टर