कोयत्याच्या हिशेबात बाईचे शरीर कुठे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या माणसांची मोजदाद मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या, वहीत ‘कोयत्या’ने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, जोडीच्या नावाने निघते, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि खाडा झाला, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, तर दंड त्याच उचलीतून वळता होतो. या हिशेबात बाईला वेगळे नाव नसल्यामुळे तिच्या पाळीला, बाळंतपणाला, आजारपणालाही जागा नाही. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या तिशीतल्या बाईला पिशवी (गर्भाशय) काढून टाकण्याचा सल्ला मिळतो आणि तो तिला पटतो, याचे कारण अडाणीपणा नव्हे. उसाच्या फडावर ना पुरेसे पाणी, ना आडोसा, आणि मोळी तर वाहायचीच, अशा स्थितीत ती आपल्या परीने चोख हिशेबच करत असते.

तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जून 2019 मध्ये विधान परिषदेत सांगितले होते. त्यानंतरच्या सर्वेक्षणात 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची, म्हणजे साधारण सहांमागे एकीची, पिशवी काढलेली आढळली. खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, हे योग्यच झाले. मात्र ज्या व्यवहारामुळे बाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते, तो तसाच राहिला.

हा व्यवहार आता केवळ जिल्ह्याचा उरलेला नाही. 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याचा धागा कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या साखर पुरवठ्यापर्यंत नेऊन दाखवला. अशा कंपन्यांच्या आचारसंहिता कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबतात, कारण मजूर आणतो मुकादम, आणि तो कोणाचा कामगार असे विचारले की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. शीतपेयांच्या जाहिरातींतल्या तरुण, तजेलदार शरीरांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यातल्या साखरेमागच्या शरीराचा मात्र एकदा गवगवा झाला की पुढे कित्येक गाळप हंगाम सामसूम असते.

करारात दोघांची नावे स्वतंत्र असावीत, बाईची मजुरी तिच्याच खात्यात जमा व्हावी आणि पाळीच्या किंवा आजारपणाच्या दिवसांचा खाडा धरू नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन 10 रुपये घेण्याचे ठरले आहे. त्यातून आधी फडावर पाणी आणि शौचालय पोहोचवावे. मुकादमाच्या वहीत बाईच्या नावाचा एक रकाना वाढवण्यासाठी तर तेवढ्याही निधीची गरज नाही.

आपली,
एक वाचक, बीड