पगारातून कापल्या जाणाऱ्या 200 रुपयांबद्दल

आदरणीय वि. स. पागेसाहेब,

माझ्या पगारातून दरमहा व्यवसाय कराचे 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. ऑफिसात सगळे कुरकुरतात, मला मात्र कुरकुरता येत नाही. 1975 साली हा कर बसला तो तुम्ही सुचवलेल्या, मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी, आणि त्या हमीच्या मजुरीवर मी वाढलो.

आमचं गाव तुमच्याच सांगली जिल्ह्यातलं, पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातलं. वडील गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आई दुसऱ्याच्या रानात रोजाने जायची. गड्यापेक्षा कमी मजुरी हातावर पडायची, उन्हाळ्यात तीही नाही. मग कळलं, 50 माणसांनी काम मागितलं तर सरकारला काम काढावं लागतं. आई वाड्यावस्त्या हिंडली, नावं जमवली. बहुतेक बायकाच. अर्ज घेणाऱ्याने "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून वाटेला लावलं, तर ही म्हणाली, "पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर भत्ता द्या. कायदा हाय." सही न येणारी बाई, साहेब! तुम्ही काम दिलंत त्याहून मोठं म्हणजे ते मागायचा हक्क दिलात.

पाझर तलावाचं काम निघालं. टिकाव, फावडं, पाटी. मी लिंबाच्या झोळीत. मजुरी मोजमापावर, म्हणून बाईला आणि गड्याला दर एकच. त्या पैशातून माझी पाटी-पुस्तकं आली.

1965 साली तासगाव तालुक्यात विसापूरला तुम्ही हा प्रयोग केलात. 1972 च्या दुष्काळात ती राज्याची योजना झाली, 1977 साली विधिमंडळाने कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 1960 ते 1978 तुम्ही विधान परिषदेचे सभापती होतात. त्या उंच खुर्चीत बसूनही उन्हाळ्यात रिकाम्या बसलेल्या मजुराचा तुम्हाला विसर पडला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पुढे 2005 साली देशाने असाच कायदा केला.

हे आभार तुम्ही असताना पोचवायला हवे होते. आई आता थकलीय. पत्र लिहितोय म्हटल्यावर म्हणाली, "त्यास्नी सांग, आम्ही घातलेला बांध अजून हललेला न्हाई."

आपला कृतज्ञ,
हमीच्या कामावरच्या एका बाईचा मुलगा