दरड ढासळली की काँक्रीटच का?

संपादक महोदय,

ओढ्याकाठचा उतार ढासळला की लगेच काँक्रीटच्या भिंतीची मागणी सुरू होते, पण जिवंत फांद्या लावूनही उतार धरून ठेवता येतो हे कुणी बोलतच नाही. विलोसारख्या पटकन मुळं फुटणाऱ्या झाडाच्या फांद्या, झाड सुप्तावस्थेत असताना कापायच्या, कोंब वर ठेवून (उलट्या ठोकल्या तर गेल्याच!) तीन चतुर्थांश जमिनीत ठोकायच्या, काहींच्या जुड्या बांधून उताराला आडव्या, समपातळीवर उथळ चरात पुरायच्या, म्हणजे पाण्याचा वेग तिथंच मोडतो, माती अडते आणि पुढं मुळं ती घट्ट धरतात. उष्ण भागात वाळा आहेच, त्याची मुळं चांगली वाढली तर ३ मीटरपर्यंत सरळ खाली जातात. माती ओढ्यात गेली की पाणी नुसतं गढूळ होत नाही, तळाच्या खडीतल्या फटी बुजतात अन् तिथं घातलेली माशांची अंडी गुदमरतात.

सगळीकडे हे चालेल असं नाही, प्रवाह पायथाच खात असेल तर खाली दगड लावावेच लागतील, आणि सुरुवातीचे एक-दोन सीझन गुरं लांब ठेवावी लागतील, तेच खरं अवघड काम. पण टेंडर काढताना निदान हा पर्याय कागदावर तरी येऊ द्या की.

– एक वाचक